सगुणा पाणी उकळते

एका जंगलात, बाळांनो, एक धरण होतं. जंगलात धरण कुठून आलं, असं मध्येच विचारायचं नाही. मंजूर झालं, म्हणून आलं.

धरणाच्या वरच्या अंगाला तरसशेठनं कारखाना टाकला. जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या आणि शिसं काढायचं. धुवण सगळं ओढ्यात, ओढा धरणात. वर्षभरात शिसं पिल्लांच्या पोटात गेलं आणि त्यांचे पंजे थरथर कापायला लागले. सगुणा पाणमांजरीचा चिंगळ्या तर पोहायचंच विसरला. पाणमांजराचं पोर, आणि काठावर बसून रडायचं!

सगुणा दरबारात जाऊन रडली. सिंहमहाराज फार कनवाळू. त्याच दिवशी त्यांनी धरणावर पाटी लावली, 'पाणी उकळून प्या.'

सगुणा बिचारी साधी. हंडाभर पाणी आटवून तांब्याभर करायची आणि लेकराला पाजायची. पाण्याची वाफ व्हायची, शिसं सगळं उरलेल्या तांब्याभर पाण्यातच राहायचं. ते काय जंतू आहे, उकळून मरायला? चिंगळ्या आणखीच थरथरू लागला. तिनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तर तरसशेठ म्हणाले, बाई, तुम्ही उकळायला कमी पडता.

मग एके दिवशी तिला दिसलं, की महाराज आणि शेठ दोघंही डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी पितात. ती पोराला पाठुंगळी घेऊन रोज गुपचूप तिथे जाऊ लागली. चार-सहा महिन्यांत त्याचं कापणं थांबलं. आणि एका दुपारी पोरानं झऱ्यात चक्क सूर मारला. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला.

पण महाराज तिथेच वामकुक्षी घेत होते. ते जागे झाले आणि सगुणा दरबारात उभी राहिली.

"हे पाणी तू उकळलं होतंस?"

"नाही महाराज. पण पोर बरं झालं."

"न उकळता पाजलंस? आई आहेस की कोण?"

सगळा दरबार हळहळला. झऱ्याला कुंपण पडलं. चिंगळ्याला, त्याच्याच भल्यासाठी, आईपासून काढून तरसशेठच्या पाळणाघरात ठेवलं. तिथे त्याला दिवसातून तीनदा धरणाचं पाणी मिळतं, चांगलं खळखळून उकळलेलं.

तात्पर्य : आईची माया आंधळी असते. तिला फक्त बरं झालेलं पोर दिसतं.