आरएनएचा अधिकृत आकार

कोणत्याही प्रगत समाजाचा पाया शिस्त हा असतो, आणि आरएनएला शिस्त नाही. पेशीत कोणतं प्रथिन बनवायचं, हा निरोप नेतो तो आरएनए. निरोपच चुकीचा असेल, तर औषधाचा बारीकसा रेणू त्याच्या खाचेत बसवून त्याला गप्प करायचं, हे आमच्या संस्थेचं काम. अडचण एवढीच, की पठ्ठ्या स्वस्थ बसत नाही. आत्ता खाच दिसते, डोळा लवेपर्यंत गायब.

यावर संस्थेने 'आकार निश्चिती समिती' नेमली. काय ती दूरदृष्टी! सभासदांनी आरएनएची चित्रं पाहिली, चहा घेतला आणि एकमताने एक आकार मंजूर केला. (मतदान गुप्त होतं, अध्यक्ष फक्त हात मोजत होते.) बाकीचे आकार बेकायदेशीर ठरले. मंजूर आकारात चपखल बसणारं औषधही संगणकावर तयार झालं. तिथे एकशे चार टक्के रोगी बरे झाले. (चार टक्क्यांना रोगच नव्हता.) खऱ्या पेशीत मात्र ते चिकटेना. सबब आरएनएला ताकीद देण्यात आली.

तेवढ्यात आमच्या रसायनवाल्या बाईंनी आगाऊपणा केला. त्यांच्या ताईचे स्नायू चुकीच्या निरोपाच्या याच रोगाने झिजताहेत; परवापरवापर्यंत आपली वेणी आपण घालायची, आता हातातून कंगवा निसटतो. बाईंनी वळवळत्या आरएनएला जमेल तसं धरून ठेवणारं औषध शोधलं. ताईच्याच पेशींवर घालून पाहिलं, आणि चुकीचा निरोप बंद!

"पण हे मंजूर आकारात बसतंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही सर. पण काम करतंय."

"अहो बाई, काम काय, कुणीही करेल!"

"सर, पुढच्या वर्षी ताईला घाससुद्धा उचलता येणार नाही हो."

अध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. (इतिवृत्तात तशी नोंद आहे.) पण नियम तो नियम. बाईंचं औषध रद्द करण्याचा ठराव झाला. तरी समिती लोकशाहीवादी. तिने जनतेच्या हरकती मागवल्या. महिनाभर रोज जाहिरात दिली, तुमच्याच पेपरात, शब्दकोड्याच्या शेजारी.

कोडं तुम्ही सोडवलंत. एक उभा शब्द अडला म्हणून घरच्यांनाही विचारलंत. हरकत एकही आली नाही. औषध रद्द झालं. सहकार्याबद्दल समिती आपली आभारी आहे.