इस्त्रीखाली आलेला मोर

"आधी टाका, मग इस्तरी, मणी शेवटी बाई,
घाई करील तिच्या मोराला पिसारा नाही."

साताऱ्याच्या घरी बंद दाराआडून बाबांचा हा सूर यायचा. आत आई भरतकाम करतेय आणि बाबा तिला चिडवताहेत, असं लहानग्या राघवला वाटे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आज नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये त्याला ते शब्द आठवले, पण जरा उशिराच.

त्याच्या आईनं, सुमित्राबाईंनी, दुसुतीच्या कापडावरचा अर्धा मोर सुनेकडे पाठवला होता. 'पिसारा तेवढा राहिलाय. मी येईन तेव्हा भिंतीवर दिसू दे.' लतिकानं दोन महिने फुलीचे टाके घातले आणि वर हौसेनं निळे मणी टाचले. आज ती सासूबाईंना आणायला स्टेशनवर गेली, आणि राघवला मदत करायची लहर आली. कापड चुरगळलं होतं. ऑफिसच्या शर्टांसोबत त्यानं ते खाली कडुनिंबाखालच्या शंकरकडे इस्त्रीला नेलं.

"साहब, इसमें मोती हैं," शंकर म्हणाला.

"अरे यार, चला दो. टाइम नहीं है."

कोळशाची इस्त्री फिरली. मणी प्लास्टिकचे. निम्मा पिसारा वितळून इस्त्रीच्या बुडाला चिकटला आणि तिथून पुढच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उतरला.

"बिल्कुल छप गया, साहब," शंकर म्हणाला. त्याच्या स्वरात थोडं कौतुकच होतं.

घरी येऊन राघवनं शर्ट खुर्चीवर टाकला, कापडावरचं निळं नखानं खरवडलं, लतिकाच्या डब्यातली उरलेली मण्यांची पुडी शोधली आणि जन्मात पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. पहिले पाच मणी सोफ्याखाली गेले. मग मात्र हात आपसूक बसला. तोंडात बाबांचा सूर आला. पिसाऱ्याचे चार डोळे भरून झाले आणि दारात किल्ली वाजली.

तो मोरावरच बसला.

"अरे, ऊठ की," सुमित्राबाई म्हणाल्या. "पाया नाही पडायचं?"

"बसूनच पडतो, आई."

"ही दिल्लीची पद्धत का?"

लतिकानं रिकामी भिंत पाहिली, मग खुर्चीवरचा निळ्या डोळ्यांचा शर्ट. "राघव, ऊठ." तेवढ्यात सुईनंही तेच सुचवलं आणि तो ताडकन उभा राहिला.

"आई, चूक माझी," लतिका म्हणाली. "तुम्ही एवढ्या विश्वासानं दिलात. मणी मी आधी लावायला नको होते."

"इस्त्रीला मी नेला," राघव म्हणाला.

सुमित्राबाईंनी कापड उचललं आणि उलटं केलं. नव्या मण्यांमागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ, कुठे गाठ नाही. त्या बराच वेळ तिथेच बोट फिरवत राहिल्या.

"हे चार डोळे कुणी भरले?"

"मी."

"कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही."

त्या सोफ्यावर टेकल्या.

"हा मोर माझा नव्हेच, लतिका. याच्या बाबांचा. पुरुष भरतकाम करतो म्हणून लोक हसतील, या भीतीनं दार लावून बसायचे. मी शेजारी शेंगा सोलायची आणि बाहेर येऊन कौतुक ऐकायची. अगं, मला अजून बटणसुद्धा धड लावता येत नाही."