हाफनरोसॉरसचा दुसरा अंत

पृथ्वीवरील प्रत्येक जीव एकदाच नामशेष होतो, हा निसर्गाचा अटळ नियम आहे. हाफनरोसॉरस दोनदा झाला. पहिल्यांदा अठरा कोटी वर्षांपूर्वी, समुद्रात. दुसऱ्यांदा जर्मनीतल्या होल्त्समाडेन गावात, जिन्यात, शनिवारी.

हा समुद्री सरडा त्या काळच्या इतर समुद्री सरड्यांसारखाच होता. फरक एकच : नाकावर उंचवटा. तेवढ्या उंचवट्यावर प्राध्यापक ओयगेन हाफनर यांनी नवी प्रजाती स्थापली, तिला स्वतःचे नाव दिले (दुसरे कुणी देईना) आणि निवृत्तीपर्यंत तिच्याशी संसार केला. जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात तिचा उल्लेख बेचाळीस वेळा आला आहे. पैकी एकेचाळीस हाफनरांचे. उरलेला छापखान्याच्या माफीनाम्यात.

निवृत्तीनंतर जीवाश्माची शिळा घरी आली. दारातून आत जाईना, म्हणून जिन्यातच भिंतीला टेकवली. तिथेच घात झाला. त्या श्वाबिया प्रांतात शेजाऱ्यांनी आळीपाळीने जिना साफ करण्याची आठवड्याची पाळी असते. ज्याच्या दारावर झाडूचे चित्र असलेली पाटी लटकेल, त्याने निमूट घासायचे. त्या शनिवारी पाळी खालच्या मजल्यावरच्या नेगेलेबाईंची होती, आणि त्यांच्या मते जिन्यात जे जे उभे आहे ते सगळे जिनाच. हाफनरांनी भूगर्भशास्त्राचा आधार घेऊन पाहिला. बाईंनी बादलीत आणखी गरम पाणी ओतले.

दोनदा ब्रश फिरला आणि उंचवटा हातात आला. वासावरूनच हाफनरांनी ओळखला : सरस. विद्यार्थीदशेत हाडे जोडताना सांडलेला. त्यांनीच.

बाईंनी मन मोठे केले. "चिकटवा की परत. मी कुठं कुणाला सांगतेय? आमच्या ह्यांचे दातही असेच होते."

हाफनर पायरीवर बसले. सरसाची बाटली वरच्या कपाटात होती. आणली तर प्रजाती वाचत होती. न आणली तर सगळा जन्म फुकट. बराच विचार केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की खोटे खपवायलाही गिऱ्हाईक लागते, आणि आजवरचे एकमेव गिऱ्हाईक हातात उंचवटा घेऊन याच पायरीवर बसले आहे. (वाचकांनी हसण्यापूर्वी आपापला उंचवटा गरम पाण्याने धुऊन पाहावा. आम्ही अजून धुतलेला नाही. पाणी तापते आहे.)

"नेगेलेबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "हाफनरोसॉरस आज संपला. हा साधा, नेहमीचाच निघाला. सोमवारी संग्रहालयाला तसं कळवतो."

बाईंनी क्षणभर फडके खाली ठेवले.

"वाईट झालं हो, प्राध्यापकसाहेब. पण साधाच आहे म्हणताय, तर जरा त्या टोकाला धरा. मागचं पुसायचं राहिलंय."