दळवीकाकांचे चार रिमोट

आमच्या बडोद्याच्या हरणीतल्या सोसायटीत टीव्हीचं चित्र झेंडी दाखवल्याशिवाय येत नसे. खोटं नाही सांगत. चौथ्या मजल्यावरचे दळवीकाका अगाशीत, म्हणजे आम्हा बडोदेकरांच्या गच्चीत, डिशची छत्री इंच इंच फिरवत. मी खाली त्यांच्या घरात टीव्हीकडे टक लावून उभी. चित्र आलं की गॅलरीत धावायचं आणि हिरवी झेंडी हलवायची, गेलं की लाल. झेंड्या अस्सल रेल्वेच्या. वरून कठड्याबाहेर डोकं काढून काका ओरडत, "लाईन क्लियर?"

त्यांची सगळी नोकरी प्रतापनगरला रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली होती. ते म्हणत, "एकावर विसंबायचं नाही. पहिला बिघडला तर दुसरा हवा, दुसरा बिघडला तर माणूस हवा." घरात टीव्ही एकच, पण चित्र यायच्या वाटा चार. आधी केबल होती. केबलला आता डबा लागणार आणि त्यात मराठी वाहिनी असेल की नाही देव जाणे, अशी आवई उठली. काकांनी त्याच आठवड्यात वर्गणीची डिश बसवली. ती पावसात दगा देते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून फुकटची छत्री आली. जुना अँटेना तर होताच. त्यावर मराठी येणं शक्य नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, पण तो उतरवायची त्यांची छाती होईना. "असू दे. बिचारा खायला मागतो का?" केबलचा डबा आला तेव्हा रिमोट चार झाले. जुना टीव्हीचा, बाकीचे एकेका डब्याचे. चौघांना चार रंगांचे दोरे बांधलेले.

इतकं करून जिवाला घोर होताच. आभाळ जरा भरलं की काका जिना चढायला लागत. केबलवाला दिसला की त्याची वाट अडवत, "मराठी रहेशे ने?"

"रहेशे, काका. चिंता ना करो."

तो वळला की मला म्हणत, "चिंता ना करो म्हणाला. म्हणजे नक्की काढणार."

एकदा मी विचारलं, "काका, एवढं बघता तरी काय?"

"बघायचं काय त्यात? चालू पाहिजे."

मला वाटायचं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलाच हा प्रकार. काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून त्या दिवसभर टीव्हीसमोरच्या खुर्चीत असत. सुरुवातीला आम्ही सोसायटीतल्या बायका घोळक्याने त्यांना भेटायला जायचो. "केम छो, मासी? सारुं छे ने?" काकू भिंतीकडे बघत राहायच्या. "मासीने कंई समजातुं नथी," मावशींना आता काही कळत नाही, असं शेवटी सगळ्यांनी ठरवलं आणि जाणं थांबलं. माझंही. झेंडीपुरती जायची, ती टीव्हीकडेच बघत उभी राहायची.

मग उत्तरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी बडोद्यात माणसं जमिनीवर नसतात. आमच्या अगाशीत दीडशे माणसं, पतंग, फिरक्या, उंधियूची पातेली. कुणी वर्गणीच्या डिशला टेकून ढील देत होतं, फुकटच्या छत्रीवर कुणाचं जाकीट वाळत होतं. अडकलेला पतंग ओढताना कुणीतरी केबलची तारही ओढून तोडली.

पाचच्या सुमाराला काका माझ्या दारात उभे. पायात चपला नाहीत.

"तिन्ही गेले," ते म्हणाले. "चौथा मेलेलाच आहे."

"थांबा, येते झेंडी दाखवायला."

"वर पाय ठेवायला जागा नाही हो. तुम्ही घरी चला. हिच्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. मराठीत बोला म्हणजे झालं."

जिन्यातच त्यांनी सांगितलं. "झटक्यानंतर हिचं गुजराती गेलं. बत्तीस वर्षं भाजीवाल्यांशी भांडली त्या भाषेत. डॉक्टर म्हणाले, मागाहून शिकलेली भाषा कधीकधी अशी पुसली जाते. मराठी तेवढी उरलीय. मी बोलतो, पण माझं बोलणं सकाळी अकरापर्यंत संपतं. जन्मभर सिग्नलशी बोललेला माणूस मी. टीव्ही बंद पडला की ही दाराकडे बघत बसते, सगळे कुठे गेले म्हणून. मला बघवत नाही ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. आणि मीसुद्धा त्या घोळक्यात उभी राहून त्यांना केम छो विचारून आले होते.

काकूंसमोर बसले खरी, पण काही सुचेना. "काकू, तिळगूळ केला आज," मी म्हटलं. "पार दगड झालाय. खलबत्त्यात घालून फोडावा लागेल."

मग त्यांची मान हळूहळू वळली.

"पाक... पुढं गेला," काकू म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की मी गुळापासून सासूबाईंपर्यंत जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. काकू मध्येच हसल्या. काका कपाटापाशी उभे होते.

थोड्या वेळानं काकूंनी मला बोटानं जवळ बोलावलं. "आमचे हे... वर आहेत. केव्हाचे."

"बोलावू का?"

"नको. ऐकायचे नाहीत. थंडी पडलीय. स्वेटर घाला म्हणावं."

काका तिथेच होते, दोन हातांवर. खुंटीवरचा स्वेटर काढून त्यांनी घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि काकूंच्या शेजारी येऊन बसले.