न गळणाऱ्या नळांचा ठपका

माणसाची योग्यता कामावरून ठरते आणि काम मोजल्याशिवाय दिसत नाही, हे आमच्या खात्याला फार पूर्वीच उमगले होते. (नळाला पाणी किती वाजता येते, तेवढे उमगायचे राहिले होते.)

लकडगंजच्या मागे आमचे नळदुरुस्ती केंद्र होते. १९६८ साली तिथे मोजमाप सुरू झाले. जो जास्त नळ दुरुस्त करील तो उत्तम फिटर. वर्षअखेर रामाजी ६१२ नळांसह पहिले आले. त्यांतला केंद्रामागच्या गल्लीतल्या इंदूबाईंचा एकच नळ त्यांनी चौदा वेळा दुरुस्त केला होता. कवडू शेवटचा आला. त्याने बसवलेला वायसर वर्षानुवर्षे टिके, त्यामुळे त्याला काम उरेना. कवडूला ठपक्याचा कागद मिळाला.

"काय गुन्हा केला तुमी?" बायको प्रयागबाईने विचारले.

"नळ गळून नाही राहिले," कवडू म्हणाला आणि अर्ध्या भाकरीवरच उठला.

१९७३ साली नवे साहेब मनोहरराव आले. मागची पद्धत चुकीची होती, हे त्यांनी एका दृष्टिक्षेपात ओळखले. आता तक्रारी कमी तो विभाग उत्तम. तक्रारवही कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले आणि ९४० तक्रारींच्या अकरा झाल्या. त्याच सुमारास रामाजींनी एकाहत्तराव्यांदा दुरुस्त केलेल्या नळाने इंदूबाईंच्या स्वयंपाकघरात तळे केले. कवडूने त्यांची तक्रार स्वतः लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली. बारा झाल्या. ठपका क्रमांक दोन. रविवारी कवडूने तो नळ स्वखुशीने दुरुस्त केला. मन हलके झाले, असे तो सांगे.

१९७९ साली पद्धत आणखी सुधारली. घरोघरी समाधानपत्रके वाटली गेली. पत्रक परत आले की असमाधानी, न आले की समाधानी. (टपालखर्च वाचतो.) चार हजारांपैकी एकच परत आले. त्यात इंदूबाईंनी लिहिले होते, 'कवडूभाऊचा नळ सहा वर्षं गळला नाही.' नियमानुसार ती कवडूविरुद्ध तक्रार ठरली. ठपका क्रमांक तीन.

इंदूबाई केंद्रात आल्या. "साहेब, मी चांगलंच लिहिलं ना? मंग त्याले कागद काहून देल्ला?"

"बाई, तुम्ही लिहिलंच काहून?" मनोहरराव कळवळून म्हणाले.

कवडू हसला. तिन्ही कागद घेऊन तो इंदूबाईंकडे चहाला गेला.

मनोहररावांना बढती मिळाली. पद्धत इतकी यशस्वी ठरली, की पुढे सगळ्याच खात्यांनी ती उचलली. आपल्या घरचा नळ, रस्ता, दिवा यांबद्दल आपणही आजवर काही लिहून कळवले नसेलच. आपल्या समाधानाची नोंद झाली आहे. खाते आभारी आहे.