केरीवर अडणारं मशीन

कुकरची शिटी झाली नाही तरी सुरतेतल्या आमच्या कोसाडच्या घरात कुकरला बोलायची सोय नाही. माझे धाकटे दीर लगेच मधे पडतात. "त्याला कशाला बोलता वहिनी? आधी सांगणाऱ्याला तपासा." सांगणारी मीच असते. मग ते पाणी मोजतात, रिंग पाहतात आणि कुकरची पाठ थोपटतात.

भाऊजी कतारगामला साडीवर भरतकाम करणाऱ्या मशीनचे प्रोग्राम लिहितात. त्याच कारखान्यात मी तुटलेले धागे जोडायची. एक मशीन साडीच्या मधेच थांबायला लागलं. शेठ म्हणाला, "बेन, तमेज बटन दबाव्युं हशे." म्हणजे बटण मीच दाबलं असणार. मी मान खाली घातली. भाऊजींनीही विचारलं, "हात लागला का?" मी तुटलेला धागा जोडत राहिले. त्यालाच सगळे कबुली समजले. दुसऱ्या दिवसापासून मी घरी.

मशीन मात्र थांबतच राहिलं. भाऊजी दोन महिने स्वतःची चूक शोधत होते. "चाराच्या हिशोबात काहीतरी सरकतंय," म्हणायचे आणि ताटात भाताची शितं चार-चार मांडायचे. मुलीकडचे बघायला आले तेव्हाही पोहे तसेच मांडत बसले. ते लोक चहा न घेता गेले.

एकदा वाढताना मी म्हटलं, "मोराच्या डिझाइनला थांबत नाही. केरीच्या थांबतं."

"हे कोणाला सांगितलं होतं?"

"कोणी विचारलं नाही."

ते उष्ट्या हातानं लॅपटॉपकडे गेले.

केरीच्या, म्हणजे आपल्या कोयरीच्या, डिझाइनचं नाव लांब, आणि प्रोग्राममध्ये ते आकड्यांच्या आधी येतं. त्यामुळे पुढचे आकडे सरकत होते. मशीन आकड्यांचे चार खण एकदम उचलतं, पण चाराच्या हद्दीपासूनच, म्हणजे चार, आठ, बारा अशा जागेपासून. मधून उचलायला लावलं की अडतं. भाऊजींनी एकेक खण उचलायलाच लिहिलं होतं. ते मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नावाचा प्रोग्राम असतो, त्यानं घाईघाईत चारही एकदम उचलायला सांगितले.

शेठ म्हणाला, "चालू थयुं ने? बस." माझ्या जागी दुसरी बाई आली होती.

भाऊजींनी कंपायलर बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांना चूक कळवली होती, त्यांचं पत्र तेवढं आलं. भाऊजींनी ते छापून आणलं आणि मराठीत वाचून दाखवलं. चूक आमची, माफ करा, सुनंदाबाईंचा काही दोष नव्हता, त्यांचे आभार. तीनदा माझं नाव आलं. वाचताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

मला इंग्रजी येत नाही. पण आधार कार्डावर माझं नाव कसं दिसतं ते मला पाठ आहे. भाऊजी कामावर गेल्यावर मी कागद ओळ न् ओळ पाहिला. माझं नाव कुठेच नव्हतं.

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा मी म्हटलं, "ते पत्र परत एकदा वाचा ना."