सोलोदोव्स्कची शब्दशुद्धी

व्होल्गाकाठच्या सोलोदोव्स्क शहरात परकीय शब्दांचा सुळसुळाट झाला आहे, असं नगरपालिकेच्या बैठकीत एकमताने ठरलं. ठराव उपमहापौर स्पार्ताक येवग्राफविच मुखानव यांचा होता. मुख्य चौकातल्या नव्या कॉफीच्या दुकानाची इंग्रजी पाटी त्यांना चारचौघांत वाचता आली नव्हती, त्यामुळे प्रश्न तातडीचा होता. शब्दशुद्धी कक्ष स्थापन झाला, त्याला शिक्का मिळाला आणि मग कक्षाला एखादा जाणकारही असावा असं कुणाच्या तरी लक्षात आलं.

कपितोलीना रोदिओनोव्ना झ्मूरवा यांनी सारी हयात रशियन शब्दांची मुळं खणण्यात घालवली होती. शहराच्या वस्तुसंग्रहालयात त्यांचं टेबल होतं. तिथे येणारे लोक त्यांना एकच प्रश्न विचारत, स्वच्छतागृह कुठे आहे. त्यामुळे स्पार्ताक येवग्राफविचनी गाडी पाठवून बोलावलं तेव्हा बाईंनी ठेवणीतला कोट काढला.

पहिले काही दिवस मजेत गेले. कॉफीच्या दुकानाची पाटी उतरली, केशकर्तनालयाची उतरली. मग साहेबांनी विचारलं, "आणि जुने परकीय शब्द? ते तर जास्त धोकादायक. आपल्यातच मिसळून राहिलेत."

"पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच समोरचा माणूस ऐकत होता. त्या थांबेनात. "घोड्याला आपण लोशाद म्हणतो, तो शब्द तुर्की. पैशाला देन्गी म्हणतो, तोही तिकडचाच. चौकात बोगातीरचा पुतळा आहे ना, तो बोगातीर म्हणजे वीर, हा शब्द गवताळ मैदानातल्या स्वारांचा."

"ज्यांना त्याने पिटाळलं, त्यांचाच?"

"त्यांचाच."

दुसऱ्या दिवशी पुतळ्यावर ताडपत्री आली. शंका नको म्हणून घोडाही झाकला.

तिसऱ्या आठवड्यात कक्षाची नजर पावावर गेली. पावाला रशियन माणूस ख्लेब म्हणतो, आणि तो शब्द फार पूर्वी जर्मन टोळ्यांकडून आला आहे. शहरात त्या नावाची पाटी एकाच दुकानावर होती. दुकान लुकेर्याचं होतं, आणि लुकेर्या बाईंची शाळेपासूनची मैत्रीण.

"अगं कापा, खोटं सांग ना," लुकेर्या म्हणाली. कपितोलीनाची कापा शाळेतच झाली होती. तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं. "आपलाच आहे म्हण. कोण बघायला येतंय?"

"मला कळतं ना."

"मग तुझं नाव कुठलं गं? लॅटिन. माझं ग्रीक. तुझ्या साहेबांचं स्पार्ताक तर रोममधल्या एका गुलामाचं. आम्हाला पण ताडपत्री घालणार का?"

बाई उठल्या. घरी जाऊन त्यांनी जुनी पुस्तकं उघडली आणि पेचेवो असा एक शुद्ध स्लाव शब्द शोधून काढला. पेचेवो म्हणजे भाजलेलं. कक्षाने तो मंजूर केला आणि लुकेर्याच्या दारावर नवी पाटी लागली.

अडचण एवढीच होती की चुलीला रशियन माणूस पेच म्हणतो. लोक पाटी वाचून जुन्या चुली घेऊन येऊ लागले. कुणाची धूर कोंडणारी, कुणाची तडकलेली. एक म्हातारा रोज येऊन विचारायचा, धुराडं साफ करायला माणूस कधी पाठवता. पाव न्यायला मात्र कुणी फिरकेना, कारण चूल दुरुस्तीच्या दुकानातून पाव कोण नेणार? राईचे काळे पाव फळीवर दगड झाले. लुकेर्याने भट्टी विझवली आणि दाराला कुलूप लावलं. रस्त्यात बाई दिसल्या तेव्हा तिने रस्ता ओलांडला.

बाईंना ते फार लागलं. शब्द कुठून आला हे त्यांना ठाऊक होतं. तो आता कुणाच्या तोंडी राहतो, हे त्यांनी कधी विचारातच घेतलं नव्हतं. त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"नव्या संशोधनात असं आढळलंय," त्या म्हणाल्या, आणि खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान लाल झाले, "की ख्लेब अस्सल आपला आहे. जर्मनांनीच आपल्याकडून उचलला."

स्पार्ताक येवग्राफविच खुर्चीत सैलावले. "मला वाटलंच होतं. माझी आजी हाच खायची. आणि बोगातीर?"

"तोही आपला."

"घोडा?"

"जन्मापासून."

प्रत्येक शब्दाला प्रमाणपत्र मिळालं. ताडपत्री निघाली, वाजंत्री लावून पुतळ्याचं पुन्हा अनावरण झालं. कॉफीच्या दुकानदारानेही रांगेत उभं राहून आपल्या पाटीसाठी प्रमाणपत्र नेलं. लुकेर्याने भट्टी पेटवली आणि पहिला पाव बाईंच्या हातात आदळला. "खा. जर्मन आहे," ती म्हणाली. महिन्याभरात सोलोदोव्स्क हे परकीय शब्दमुक्त शहर म्हणून जाहीर झालं, आणि साहेबांना पदक मिळालं.

पदकाची बातमी दूरवर गेली. देशोदेशीची शिष्टमंडळं अभ्यासदौऱ्यावर येऊ लागली. त्यांत एक महाराष्ट्रातलं होतं. सगळे कानटोप्या घालून दुभाष्यासह बाईंसमोर बसले.

"आमच्या भाषेवरही आक्रमण झालंय हो," शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणाले. "तुम्ही सुरुवात कुठून केलीत?"

"आमच्यातले काही शब्द सांगते," बाई म्हणाल्या. "सरकारी तिजोरीला आम्ही काझ्ना म्हणतो. पेटीला सुंदूक. आणि बाजाराला बझार."

प्रमुखांनी सहकाऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले.

"खजिना, संदूक, बाजार," ते म्हणाले. "बाई, हे तर आमचे अस्सल मराठी शब्द. पिढ्यान् पिढ्यांचे. तुम्ही नेलेत कधी?"

हे तिन्ही शब्द अरबी आणि फारसी मुलखातून दोन दिशांना निघाले होते, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी शिक्का पुढे ओढला.

"तसं प्रमाणपत्र देऊ?"

"द्या. जरा मोठ्या अक्षरात."

ते प्रमाणपत्र आपल्याकडच्या एका कार्यालयात चौकट करून भिंतीवर लावलं आहे. येणारा-जाणारा ते वाचतो आणि त्याची मान आपोआप ताठ होते. तुमचीही होईल.